बीहडातले अकरा ठिपके

माझ्या नोकरीत ओसाड जमिनीला एक रंग होता, फिका जांभळा. उपग्रहाने टिपलेल्या चित्रांवरून जमिनीचे नकाशे करायचे, हे आमच्या सरकारी ऑफिसचं काम. जंगल गर्द हिरवं, शेती पोपटी, पाणी निळं, वस्ती लाल. आणि जिथे पावसाने माती खरवडून नेली, घळीशेजारी घळ पडत जाऊन जमिनीची नुसती हाडं उरली, तिथे जांभळा. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते मी उंटापेक्षा कितीतरी वर बसून अठ्ठावीस वर्षं केलं. वर त्याचा मला अभिमानही होता.

जयपूरला बदली झाली तेव्हा आम्ही जगतपुऱ्यात आठव्या मजल्यावर घर घेतलं. आम्ही म्हणजे मी आणि माझी मुलगी. नवरा पुण्याच्या नोकरीत अडकलेला, सणासुदीला येणारा. मुलगी जवळच्याच इंजिनिअरिंग कॉलेजात शिकत होती. तिचं मराठी म्हणजे हिंदीच्या भाताला मराठीची फोडणी. एका संध्याकाळी मी घरी लॅपटॉपवर काम करत बसले होते, तेव्हा तिने मागून डोकावून विचारलं की हे जांभळं काय आहे. आमच्या हिंदी अहवालात त्या रंगापुढे ‘बीहड़’ लिहिलेलं होतं. तो शब्द तिला माहीत होता, डाकू तिथे लपतात एवढ्यापुरता. आपल्यात याला काय म्हणतात, असं तिने विचारलं.

मी शाळेत पाठ केलेला शब्द ताठ मानेने सांगितला, उत्खातभूमी. ती इतकी हसली की खुर्चीवर बसावं लागलं तिला. हा शब्द कुणाला बोलताना ऐकलायस का, असं तिचं म्हणणं. मी रागावले, कारण नव्हता ऐकला. आमचं गाव जळगाव जिल्ह्यात, तापीच्या काठावर. पुस्तकातल्या त्या धड्यात ज्या जमिनीचं उदाहरण दिलं होतं ती आमच्या शाळेच्या खिडकीतून दिसायची. गुरुजींनी धडा शिकवला, व्याख्या पाठ करून घेतली, पण एकदाही खिडकीकडे बोट केलं नाही. घरी तर त्या जमिनीला नावच नव्हतं. तिला ‘तिकडे’ म्हणायचे. बकरी तिकडे गेली. पोरांनो, तिकडे जायचं नाही. अख्ख्या मुलुखाचं नाव काय तर तिकडे.

त्या रात्रीपासून मला शब्दांची खाज सुटली. आमच्या सातबाऱ्यावर न पिकणाऱ्या तुकड्याला पोटखराब म्हणतात, म्हणजे जमिनीलाही पोट असतं आणि तेही बिघडतं. राजस्थानच्या महसुली कागदात अशा जमिनीसाठी ‘गैर मुमकिन’ लिहितात. गैर मुमकिन नाला, गैर मुमकिन पहाड. अशक्य ओढा, अशक्य डोंगर. ज्या कुणा मुन्शीने हे पहिल्यांदा लिहिलं असेल त्याचा स्वभाव कसा असेल, याचा मी दोन दिवस विचार केला. बायकोने केलेल्या भाजीलाही तो हेच म्हणत असावा.

पण खरी गंमत वेगळीच होती. आमच्या बाल्कनीतून आग्नेयेला, नव्या इमारतींच्या आणि अर्धवट रस्त्यांच्या पलीकडे, कोरड्या नदीच्या कडेने एक फिकट, तडकलेला पट्टा दिसायचा. मी रोज सकाळी चहा पिताना त्याच्याकडे बघायचे, आणि ऑफिसात बसून मी त्यालाच जांभळा रंग दिलेला होता. तिथे पाय मात्र कधी ठेवला नव्हता. गुरुजींना हसण्याचा मला काही अधिकार उरला नाही.

भाद्रपदातल्या एका रविवारी मी मुलीच्या स्कूटरवर मागे बसून निघाले. डांबर संपलं, मग खडी संपली, मग एका बाभळीखाली स्कूटर लावून आम्ही चालू लागलो. जमीन सपाट दिसत होती, बाजरीचं शेत होतं, आणि एकाएकी शेत संपलं. म्हणजे बांध नाही, कुंपण नाही, पावलापुढे तीन पुरुष खोल खड्डा. पिवळी माती इतकी मऊ की बोटाने उकरली तर हातात यायची. खाली वाकड्यातिकड्या घळी, त्यांच्यामध्ये उभ्या राहिलेल्या मातीच्या भिंती आणि सुळके. मुलगी म्हणाली, “आई, मतलब इथे कोणी राहतं का?” तेवढ्यात खालून शेळी ओरडली.

शेळ्यांच्या मागून एक म्हातारी वर आली. वयाने सत्तरीच्या आसपास, हातात कोयता, डोक्यावर बोरीच्या फांद्यांचा भारा. आम्हाला बघून ती आधी थांबली, मग प्लॉट बघायला आलात का म्हणून विचारलं. त्या भागात चांगले कपडे घालून येणारे सगळे प्लॉटच बघायला येत असावेत. मी सांगितलं की मी नकाशे करते आणि ही जमीन कशी आहे ते बघायला आले आहे. तिला हे फारच गमतीचं वाटलं. नकाशा आधी केला आणि जमीन नंतर बघायला आलात, असं ती ढूंढाडी, म्हणजे जयपूरकडच्या बोलीच्या वळणाच्या हिंदीत म्हणाली आणि भारा ठेवून आम्हाला खाली घेऊन गेली.

खाली उतरल्यावर मला माझ्याच डोळ्यांवर विश्वास बसेना. प्रत्येक घळीच्या तळाशी आडवा बंधारा होता. दगड, बाभळीच्या फांद्या, आणि नव्या इमारतींच्या साइटवरून आणलेल्या सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांमध्ये वाळू भरून रचलेला. त्याच्या मागे पावसाने आणलेला गाळ अडलेला, आणि त्या गाळात बाजरी, कुठे तीळ, कुठे मूग. वरच्या शेतातल्यापेक्षा इथली बाजरी वीतभर उंच होती, कारण ओल इथे टिकते. तुकडे छोटे, कुठला अंगणाएवढा, कुठला दोन खोल्यांएवढा. मी मोजले, अकरा होते. ती आणि तिच्या दोन जावा मिळून ते कसत होत्या.

चूक कुठे झाली ते मला तिथेच कळलं, आणि ती आमच्याच पेशाच्या लोकांकडून होऊ शकते अशी चूक होती. पावसाळ्यात ढग असतात, चित्र स्वच्छ मिळत नाही, म्हणून या भागाची चित्रं आम्ही मे महिन्यातली घेतो. मे महिन्यात ही सगळी पिवळी धूळ. पीक उभं असतं तेव्हा आमच्या उपग्रहाच्या डोळ्यावर ढगांची पट्टी असते. जिथे दरवर्षी बाजरी पिकते तिथे मी सरळ हाताने ओसाड लिहून मोकळी झाले होते.

मग मी तिला शब्दाबद्दल विचारलं. या सगळ्याला तुम्ही काय म्हणता? तिला प्रश्नच कळेना. मी हात फिरवून दाखवला, हे सगळं. ती म्हणाली, “बाहर का लोग बीहड़ बोलै। म्हे तो नाम लेवां।” बाहेरचे बीहड म्हणतात, आम्ही नाव घेतो. आणि खरोखरच तिने कोयत्याच्या टोकाने एकेक घळ दाखवत नावं घेतली. ही सासऱ्यांची. ही आत्याबाईंच्या, म्हणजे सासऱ्यांच्या बहिणीच्या नवऱ्याची. ती वाकडी, भिंत पडलेली, ती जेठजींची, म्हणजे तिच्या मोठ्या दिरांची. घळीने ज्याचं शेत खाल्लं त्याचं नाव त्या घळीला, असा तिथला रिवाज. जेठजी जाऊन कैक वर्षं झाली. त्यांचं वरचं शेत निम्मं या घळीत कोसळलं, तीच माती तिने खाली बंधारा घालून पकडली, दर पावसाळ्यात बोटबोट करत. ती म्हणाली की जेठजींचं शेत गेलं कुठे, खाली आलं एवढंच. लग्न होऊन आल्यावर दुसऱ्याच वर्षी तिने पहिला दगड रचला होता.

घरी परतताना मी मुलीच्या खांद्यावरून सारखी मागे वळून बघत होते. इतकी वर्षं मी नुसते रंग भरत होते आणि तिथे कुणी मातीची नावं घेत होतं. असा आनंद मला नोकरीला लागल्यानंतर पहिल्या वर्षी झाला होता, त्यानंतर नाही. पुढचे तीन रविवार मी हातात यंत्र घेऊन तिथे गेले, अकराही तुकड्यांच्या कडा पायांनी चालून मोजल्या. म्हातारी शेळ्या राखता राखता कौतुकाने बघायची, एकदा तिने ताकही पाजलं. हिवाळ्यात नवा नकाशा तयार झाला. जांभळ्यात अकरा पोपटी ठिपके. आमचे साहेब वयाने माझ्याहून लहान. त्यांनी ठिपक्यांकडे बघून भुवया उंचावल्या, पण निवृत्तीला आलेल्या बाईशी वाद कोण घालणार, म्हणून सही केली. नकाशा जिल्ह्याकडे गेला, वेबसाइटवर चढला. मी पेढे वाटायचेच काय ते बाकी ठेवले होते.

पुढच्या श्रावणात आम्ही दोघी पुन्हा गेलो. बाजरी गुडघ्याएवढी झाली होती. म्हातारी बंधाऱ्यावर बसली होती आणि शेळ्या मोकाट. तिने मला बसायला सांगितलं, मग कमरेच्या पिशवीतून घडी घातलेला कागद काढून माझ्या हातात दिला. तहसिलीतली नोटीस होती. गैर मुमकिन नाल्याच्या सरकारी जमिनीवर बेकायदा शेती केल्याबद्दल. दिलेल्या मुदतीत जमीन मोकळी करावी, अडवलेला प्रवाह खुला करावा, नाहीतर बांध सरकारी खर्चाने तोडले जातील.

पटवारी आला होता, म्हणजे आपल्याकडचा तलाठी. आजवर कधी घळीत उतरला नव्हता. तो उतरला तो हातात मोबाइल घेऊन, मोबाइलवर नकाशा, नकाशावर अकरा पोपटी ठिपके. एकेक ठिपका शोधत तो चालत आला आणि एकही चुकला नाही. माझं काम इतकं बिनचूक होतं.

म्हातारी चिडली नव्हती, हेच मला सोसवेना. ती मला समजून घ्यायचा प्रयत्न करत होती. तो रंग तुम्ही भरला होता का, असं तिने साधं विचारलं. मी हो म्हटलं. मग तिने मला समजावून सांगितलं, लहान मुलाला सांगावं तसं. कागदावर वरचं शेत अजून पूर्ण त्यांच्या नावावर आहे, आजेसासऱ्यांच्या वेळी होतं तेवढंच, जरी त्यातलं निम्मं आता हवेत आहे. आणि कोसळून खाली आलेली माती मात्र नाल्यात आली, म्हणून सरकारची. इतकी वर्षं कुणी काही म्हटलं नाही कारण कुणाला दिसलं नाही. बीहड म्हटलं की माणूस तोंड फिरवतो. तो शब्द म्हणजे त्यांचं कुंपण होतं. मला तो शब्द ऐकून तिचा अपमान झाल्यासारखं वाटायचं, आणि ती त्याच्याच आडोशाने जगत होती. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. मी ती मूठ उघडून जिल्हाभर दाखवली होती.

जमीन सोडावी लागेल याची तिला तेवढी भीती नव्हती. भीती बंधाऱ्यांची होती. बंधारा फोडला तर एका पावसात सगळा गाळ नदीला जाईल. सासऱ्यांचं, जेठजींचं, आत्याबाईंच्या नवऱ्याचं, सगळ्यांचं शेत दुसऱ्यांदा जाईल, आणि या वेळी ते पकडायला तिचे हात उरले नव्हते. मुलगा जगतपुऱ्यात रिक्षा चालवतो, तो काही गोण्या रचणार नाही, हे तिनेच सांगितलं. मी नोटीस घडी करून परत दिली.

दुसऱ्या दिवशी साहेबांसमोर जाऊन उभी राहिले आणि सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले की मॅडम, शेती तिथे आहे ना? मग नकाशा खरा आहे. खरं पुसायचं कसं? त्यांचं चुकत होतं असं नाही. मी जागेवर येऊन बसले. दुपारचा डबा तसाच राहिला. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, असं आमची आई म्हणायची. माझ्या मारुतीने तर शेपटी पेटवून लंकाच जाळली होती, आणि लंकेत राक्षस कुणी नव्हतं.

संध्याकाळी मी आमची नियमपुस्तिका काढली. नव्या माणसांना ती मीच शिकवते, मला ती पाठ आहे, तरीही काढली. त्यात एक नियम आहे. नकाशाच्या मापात अमुक एवढ्याहून लहान पडणारा तुकडा स्वतंत्र दाखवायचा नाही, तो शेजारच्या मोठ्या रंगात मिसळून टाकायचा. शहरातला एखादा वडाचा पार किंवा शेतातलं एकटं डबकं आपण जसं सोडून देतो, तसं. माझे अकराही ठिपके त्या मापाहून कितीतरी लहान होते. हे मला ठिपके काढतानाही माहीत होतं. दुसऱ्या कुणी काढले असते तर मी लाल पेनने गोल करून परत पाठवले असते. साहेबांच्या भुवया उंचावल्या होत्या त्या यासाठीच.

मी अर्ज लिहिला. अमुक नकाशापत्रकात ठरावीक मापाहून लहान तुकडे माझ्या हातून चुकीने दाखवले गेले, ते नियमाप्रमाणे मिसळून पत्रक दुरुस्त करावं. एकाच पत्रकात वर्षभरात दोनदा चूक, आणि दोन्ही वेळा माझीच. साहेब मला म्हणाले की निवृत्तीच्या तोंडावर हे तुमच्या फाइलला लागेल. मी म्हटलं, लागू दे. घरी मुलीला सांगितलं तेव्हा ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

“मतलब, तू आता खोटं लिहिलंस ना?”

“नियमाने बरोबर आहे ते.”

“मी ते नाही विचारलं, आई.”

मी पोळ्या लाटत राहिले. तिचं मराठी कच्चं आहे, पण तेवढं पुरलं.

नवं पत्रक तहसिलीत गेलं आणि त्यासोबत आमच्या ऑफिसचं पत्रही. नोटिशीच्या सुनावणीच्या दिवशी मी रजा टाकून म्हातारीबरोबर गेले, दारातल्या बाकड्यावर चार तास बसले. आतल्या बाबूने नवा नकाशा उघडला, मोठा केला, आणखी मोठा केला. सगळा जांभळा. त्याने पटवाऱ्याला विचारलं की तुमची शेती कुठे दिसतेय यात. पटवारी म्हणाला की साहेब, पूर्वी दिसत होती. बाबूने हात झटकले, पुढची फाइल घेतली. नोटीस रद्द झाली असं लेखी कुणी दिलं नाही. पण पाऊस संपेपर्यंत बांध तोडायला कुणी आलं नाही, आणि दसरा झाल्यावर बाजरी कापली गेली.

दिवाळीनंतर आम्ही गेलो तेव्हा जावा-जावा मिळून कणसं झोडत होत्या. म्हातारीने आधी शेळीचं दूध घालून चहा केला. मी तिच्यापासून काही लपवायचं नाही असं ठरवून गेले होते, म्हणून सांगितलं की जांभळा रंगही काही फार सुरक्षित नाही. ओसाड म्हटलेल्या जमिनीवर उद्या कुणी यंत्रं आणून सगळं सपाट करेल, प्लॉट पाडेल, शहर इकडेच सरकतं आहे. तिला हे माझ्याआधी माहीत होतं. येतील तेव्हा येतील, तोवर बाजरी तर खाऊ, असं म्हणून तिने मला नकाशा दाखवायला सांगितलं.

मी फोनवर पत्रक उघडून दिलं. उन्हात दिसेना, म्हणून तिने ओढणीची सावली केली. कुठे बघायचं ते मी बोटाने दाखवलं. ही नदी, हा रस्ता, आणि इथे तुम्ही बसला आहात. ती बराच वेळ बघत राहिली. आपला बंधारा कुठे आहे, तिने विचारलं. मी म्हटलं, नाही दाखवला. जेठजींचं शेत? तेही नाही. शेळ्यांची वाट, बोरी, जावांचे तुकडे, एकेक करून तिने सगळं विचारलं आणि प्रत्येक वेळी मी नाही म्हटलं. मला लाज वाटत होती. ज्या बाईने मला पहिल्यांदा जमीन दाखवली तिला मी तिच्याच जमिनीवरून पुसून आणलं होतं आणि वर फोनवर ते दाखवत होते.

“अब ठीक छै मैडमजी,” ती म्हणाली. “अब कुछ कोनी दीखै।” आता ठीक आहे, आता काहीच दिसत नाही.

आणि तिने फोन घेऊन हाक मारत दोन्ही जावांना बोलावलं. तिघी त्या कोऱ्या जांभळ्या चौकोनावर वाकून एकमेकींना दाखवत होत्या, की बघ, मी नाही, तू नाही, कुणीच नाही. माझ्या सगळ्या नोकरीत माझा नकाशा बघून इतकं खूश झालेलं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.